वेताळ पेटीत होता

श्रावणातली सकाळ होती. तानसा नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि दवाखान्याच्या ओट्यावर ओल्या छत्र्यांची रांग लागली होती. वज्रेश्वरीत या दिवसांत सांधेदुखीचे रुग्ण अधिक येतात. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरून आलेले, तरीही गुडघा धरून बसलेले. त्या गर्दीतून एक मुलगा आणि सून सत्त्याहत्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन आत आले. सुनेने दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणून सांगितले, "डॉक्टर, अण्णा चार रात्री झोपलेले नाहीत. उठून घरभर फिरतात आणि वेताळाला हाका मारतात. शेजारच्या काकू म्हणतात, बाहेरचं काहीतरी असेल."

अण्णा माझ्या जुन्या परिचयाचे. आयुष्यभर एस.टी.त वाहक होते. दीड वर्षापूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाल्याचे निदान झाले होते. त्यांची हकिगत कुटुंबाच्या संमतीने येथे सांगत आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्यांच्या घरात वृद्ध माणूस आहे आणि त्याची एखादी जुनी पेटीही आहे, अशा सर्व वाचकांना तिचा उपयोग होईल असे मला वाटते.

आधी शरीर तपासावे

वृद्ध माणूस एकाएकी, दोन-चार दिवसांत असंबद्ध बोलू लागला, रात्री भटकू लागला किंवा नसलेले काही पाहू लागला, तर आपण त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नये आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याकडेही वळू नये. अशा अचानक आलेल्या गोंधळामागे बहुधा शारीरिक कारण असते. लघवीतील जंतुसंसर्ग, छातीतील कफ, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर घसरणे, शरीरातील पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी, अनेक दिवसांचा मलावरोध किंवा नव्याने सुरू केलेली एखादी गोळी, ही नेहमीची कारणे. वृद्धांना जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही. कधी कधी बदललेले वागणे हेच त्याचे पहिले लक्षण असते.

म्हणून मी अण्णांचे पोट, छाती, नाडी तपासली, औषधांची यादी पाहिली, रक्त व लघवी तपासायला पाठवली. दुसऱ्या दिवशी अहवाल आले. सारे ठीक होते. भास होत असावेत असे माझ्या मनाने घेतले. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत माणसे, प्राणी, आकृती दिसू लागतात. भास कमी करणाऱ्या औषधाचे नाव लिहिण्यासाठी मी चिठ्ठी पुढे ओढली.

हे औषध साधे नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये प्रथम दिला. पक्षाघाताचा आणि तोल जाऊन पडण्याचाही धोका असतोच. कधी कधी ती द्यावी लागतात, पण अगदी नाइलाज झाल्यावर आणि थोड्या काळापुरतीच. त्यामुळे लिहिण्यापूर्वी, थोडे उशिरानेच, मी अण्णांना विचारले, "वेताळ कुठे दिसतो तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे काहीशा कीवेने पाहिले. "दिसत नाही म्हणून तर शोधतोय. पेटीत होता. पेटी रिकामी आहे."

सुनेचा चेहरा उतरला. मुलगा खाली पाहू लागला. मग उलगडा झाला. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात जुनी 'चित्रांची पुस्तके' होती. पावसाने त्यांना बुरशी धरली होती, घरभर कुबट वास येत होता, आणि नऊ वर्षांच्या नातवाचा दमा त्या महिन्यात दोनदा उसळला होता. सुनेने पेटी रिकामी करून कागद रद्दीत घातले होते. तिच्या जागी मी असतो तर मुलाची धाप ऐकून मीही कदाचित तेच केले असते. चूक झाली ती एवढीच, की अण्णांना कोणी विचारले नव्हते.

मी चिठ्ठी बाजूला सारली.

दोन वेताळ

कोकणात वेताळ हा ग्रामदेव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात. पण आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या मराठी वाचकाच्या बालपणात आणखी दोन वेताळ होते.

पहिला 'चांदोबा'तला. १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेल्या 'चांदमामा'चे 'चांदोबा' हे मराठी रूप. हाती तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम राजा आपणांपैकी अनेकांना आजही डोळे मिटले की दिसेल. के. सी. शिवशंकर, म्हणजे 'शंकर', या चित्रकाराने रेखाटलेली ती आकृती. ते २०२० मध्ये, नव्वदी ओलांडून, निवर्तले.

दुसरा वेताळ 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला; घोड्यावर स्वार, डोळ्यांवर पट्टा, बोटात कवटीची अंगठी. अमेरिकेतील ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' मराठीत आला तो 'महाबली वेताळ' होऊन. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल' सुरू केले. पहिला अंक फँटमच्या पट्ट्याच्या कथेचा होता. फँटममागोमाग जादूगार मँड्रेक आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय 'बहादूर'. ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि तिचे आठशेहून अधिक अंक निघाले. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत ते मिळत.

अण्णांची पेटी मुख्यतः या दुसऱ्या वेताळाची होती. वसई, भिवंडी, ठाणे असे फेरे करताना बसस्थानकावरच्या आणि रेल्वे फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर ते नवा अंक घेत. अंक तेव्हा रुपयाच्या आत मिळे. "आतलं नंतर वाचायचो," त्यांनी मला पुढे एकदा सांगितले. "डबल बेल दिली की वेळ कुठला? कव्हर बघायचं आणि पिशवीत टाकायचं. कव्हर चांगलं नसेल तर घ्यायचोच नाही."

मुखपृष्ठाची किंमत

अण्णांना ठाऊक नव्हते, पण ते जाणकार संग्राहकांप्रमाणेच निवड करीत होते. फँटम, मँड्रेक यांच्या मूळ कथा वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींत छापल्या जात. वर्तमानपत्रातल्या पट्टीला मुखपृष्ठ नसते. त्यामुळे पुस्तक काढायचे म्हटले की मुखपृष्ठ येथे नव्याने रंगवावे लागे. 'इंद्रजाल'च्या आरंभीच्या अंकांची ही चित्रे प्रामुख्याने बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया, यांच्या कुंचल्यातून उतरली. पुढे बहादूरही त्यांनीच रेखाटला. आतली कथा आज जगात इतरत्र मिळू शकते. ते मुखपृष्ठ मात्र या मालिकेखेरीज अन्यत्र नाही. जुन्या 'इंद्रजाल'साठी संग्राहक झुरतात ते पुष्कळदा याच कारणाने.

मराठी घराला मुखपृष्ठाची ही ओढ नवी नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या दोघा चित्रकारांनी रंगवलेली मुखपृष्ठे पाहून दिवाळी अंक घेणारी कुटुंबे होती. मुळगावकरांच्या देवदेवता चौकटीत जाऊन देवघरात बसल्या. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली 'अमर चित्र कथा' सुरू झाली. तिच्या 'कृष्ण' या गाजलेल्या अंकाची चित्रे राम वाईरकरांची. पुढे प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार तिला लाभले. त्या मुखपृष्ठांवरचे शिवाजी महाराज, सावित्री, हनुमान आज पन्नाशीत असलेल्या पिढीच्या मनात कायमचे बसले आहेत.

मग हे अंक इतके दुर्मिळ का? लाखो हातांतून फिरले, म्हणूनच. ते स्वस्त होते; स्वस्त वस्तू कोणी जपत नाही. मुलांनी एकमेकांना दिले, प्रवासात विसरले, दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले. वर्तमानपत्री कागदात लाकडाचा जो अंश राहतो, तो उजेडाने व हवेने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. सह्याद्रीच्या पायथ्याची आपली दमट हवा त्यात भर घालते. जे उरले, तेही बहुधा मुखपृष्ठावर नाव घातलेले, कोपरे दुमडलेले, पिना गंजलेले.

परदेशात अशा अंकांना मिळणारी किंमत ऐकून माणूस थक्क होतो. सुपरमॅनचे पहिले दर्शन ज्यात घडले, तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा १९३८ चा पहिला अंक तेव्हा १० सेंटला मिळे. त्याची एक उत्तम राखलेली प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. मात्र आपल्या पलंगाखाली असा खजिना दडला आहे, या आशेने कोणी उठू नये. आपल्याकडच्या अंकांना संग्राहक पैसे मोजतात, पण अंकाची अवस्था, आरंभीचा क्रमांक आणि शाबूत मुखपृष्ठ यांवर सारे अवलंबून असते. माझ्या दृष्टीने या पेटीची किंमत निराळीच आहे. ती मला अण्णांमुळे कळली.

पेटी परत आल्यावर

त्याच दुपारी मुलगा रद्दीवाल्याच्या मागावर निघाला. अंबाडी नाक्यापलीकडच्या एका गाळ्यात गठ्ठा सापडला, अपुरा. सुमारे दोनशे अंकांपैकी ६१ परत आले. काहींची मुखपृष्ठे निघाली होती. पहिल्या काही अंकांचा, अण्णांच्या सर्वांत जिवाभावाचा, जुडगा गेला तो गेलाच.

त्या रात्री अण्णा झोपले.

स्मृतिभ्रंशात आठवणी ज्या क्रमाने साठल्या, त्याच्या साधारण उलट क्रमाने पुसल्या जातात. सकाळचा नाश्ता विसरतो, पण शाळेचा रस्ता आठवतो. साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत ठळक राहतात, हे निरोगी माणसांतही दिसते. शिवाय चित्र, रंग, वास, स्पर्श यांच्या वाटेने जाणारी आठवण शब्दांच्या वाटेने जाणारीपेक्षा पुष्कळदा अधिक काळ टिकते. मुलाचे नाव चुकणारे अण्णा मुखपृष्ठ हातात येताच तो अंक कोणत्या स्थानकावर घेतला, ते सांगत. एकदा म्हणाले, "हा घेतला तेव्हा पूर आला होता. गाडी रात्रभर वाड्यालाच उभी. बाया-पोरं होती गाडीत. हाच अंक पोरांना वाचून दाखवला, कंदिलावर." ही हकिगत मुलाने आयुष्यात प्रथमच ऐकली.

जुन्या गोष्टींत रमणे हे पूर्वी वैद्यकातही उताराचे लक्षण मानले जाई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये निराळे मांडले: मागे वळून आयुष्य पाहणे ही वार्धक्यातील स्वाभाविक व आवश्यक मानसिक क्रिया आहे. त्या विचारातून पुढे जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने वृद्धांशी संवाद साधण्याची पद्धत विकसित झाली. आजवरच्या अभ्यासांचे सार एवढेच, की तिचा लाभ मर्यादित असतो आणि सर्वांना सारखा होत नाही. आजार त्याने थांबत नाही. काहींचे मन प्रसन्न राहते, बोलणे थोडे वाढते. घरच्या घरी, खर्चाविना आणि दुष्परिणामांविना इतके मिळत असेल, तर ते घ्यावे असे माझे मत आहे.

ते कसे करावे?

एका वेळी एकच अंक किंवा एकच वस्तू हाती द्यावी. ढीग पुढ्यात ठेवला तर गोंधळ वाढतो. वेळ सकाळची किंवा दुपारच्या चहाची. दिवेलागणीला अनेकांची अस्वस्थता वाढते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. "हे आठवतं का?" असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि नापास होण्याची लाज त्या वयातही लागते. "हे चित्र किती छान आहे! कुठून आणलं होतंत?" असे विचारावे. साल चुकले, क्रम चुकला, एका प्रवासात दुसरा मिसळला, तरी दुरुस्त करू नये. डोळ्यांत पाणी आले तर घाबरून विषय बदलू नये. हात हातात घेऊन थोडे थांबावे. मात्र एखादी आठवण वारंवार वेदनाच देत असेल, तर ती वस्तू काही दिवस दूर ठेवावी. आणि जे ऐकाल ते वहीत टिपून ठेवावे. पुढे कधी रुग्णालयात अनोळखी परिचारिकेला "यांना काय आवडतं?" असे विचारावे लागले, तर ती वही कामास येते.

"हे माझे अंक नव्हेत"

दिवाळीनंतर सूनबाई पुन्हा आल्या. अण्णा आता रागावत होते. रद्दीवाल्याने अंक बदलले, हे नकली आहेत, असे म्हणत होते. स्मृतिभ्रंशात चोरीचा संशय येणे अगदी नेहमीचे. म्हणून घरच्यांना तोही आजारच वाटला. या वेळी मी आधी विचारले, "नकली कशावरून?"

"निळा रंग बघा. मळका आहे. आमच्या कव्हरवर असा निळा नव्हता."

मी अंक पाहिला. निळा चांगला निळा होता. मग अण्णांचे डोळे पाहिले. दोन्ही भिंगांत मोतीबिंदू पिकत आला होता. मोतीबिंदूत भिंग पिवळसर-तपकिरी होते आणि निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात. हा बदल इतका सावकाश होतो, की रुग्णाला डोळ्याचा दोष जाणवत नाही. जगच विटल्यासारखे वाटते. ज्या माणसाने साठ वर्षे मुखपृष्ठे निरखली, त्याने तो अचूक सांगितला होता. आम्हीच संशयाचे खूळ समजलो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अण्णांनी तोच अंक पाहिला आणि म्हणाले, "हां. हा आपला."

नजर कमी झाली की गोंधळ, संशय व पडण्याचा धोका तिन्ही वाढतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश इतकाच प्रकाश पोहोचतो. म्हणून घरातील ज्येष्ठांच्या डोळ्यांची वर्षातून एकदा तपासणी करावी, आणि वाचनासाठी मागून, डाव्या खांद्यावरून येणारा चांगला उजेड द्यावा. लहान अक्षरांसाठी टेबलावर उभे राहणारे भिंग मिळते. थरथरत्या हातांना ते सोयीचे.

संग्रह की साठा?

काही वाचक मनात म्हणतील, "आमच्याकडे तर वर्तमानपत्रांच्या थप्प्यांतून चालायला वाट नाही, तेही जपायचे का?" प्रश्न रास्त आहे. संग्राहक निवडतो, लावतो, दाखवतो, आणि एखादा अंक गेला तर त्याला कळते. याउलट साठा करण्याच्या विकारात किंमत नसलेल्या वस्तूही टाकवत नाहीत, खोल्या वापरता येईनाशा होतात, आणि कोणाला आत येऊ देण्याचीही लाज वाटू लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला. त्यावर समुपदेशनाने उपचार होतात. घरच्यांनी गुपचूप सफाई केली, तर तो बहुधा बळावतो. ज्याने आयुष्यात कधी काही साठवले नाही, तो उतारवयात अचानक कागद, पिशव्या, कचरा गोळा करू लागला, तर मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार असू शकतो. अशा वेळी तज्ज्ञाला दाखवणे अगत्याचे.

कागद जपताना श्वासही जपावा

सूनबाईंची काळजीही खरी होती. बुरशीचे कण व जुनी धूळ दमा, सर्दीची ॲलर्जी आणि फुप्फुसांचे जुने आजार उसळवतात. म्हणून आम्ही तडजोड काढली. पावसाळाभर पेटी न उघडता नातवाच्या झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवली. हिवाळ्यात, कोरड्या हवेत, अंगणात सावलीला अंक पसरले. उन्हात ठेवले तर रंग उडतो. नाकातोंडावर मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने एकेका अंकावरची बुरशी घराबाहेरच झटकली. ओल्या फडक्याचा स्पर्श होऊ दिला नाही. हे काम दमेकऱ्याने करू नये. नातवाला त्या दिवशी आत्याकडे पाठवले होते.

कसर लागू नये म्हणून आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. घरात लहान मूल किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर त्या वापरू नयेत. पेपरमिंट समजून गोळी तोंडात टाकल्याची उदाहरणे होतात. काही जणांत जन्मतः जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते. त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या द्रव्याने फुटतात, आणि बाळांना तर नुसत्या वासानेही त्रास होऊ शकतो. त्यापेक्षा पेटी कोरडी ठेवणे, महिन्यातून एकदा उघडून पाहणे आणि सिलिका जेलच्या पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवणे बरे.

फाटलेल्या मुखपृष्ठाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रच खातो. लॅमिनेशनही नको. प्रत्येक अंक स्वच्छ पारदर्शक पिशवीत, मागे जाड पुठ्ठा देऊन, जमिनीपासून उंच आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा. सर्व मुखपृष्ठांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत. रोज हाताळण्यासाठी त्यांच्या रंगीत प्रती काढल्या, तर मूळ अंक सुरक्षित राहतो.

आणखी एक विनंती. पेटी पलंगाखालून ओढणे किंवा स्टुलावर चढून पोटमाळ्यावरून उतरवणे ही कामे ज्येष्ठांनी करू नयेत. ठिसूळ झालेला मणका वाकून ओझे उचलतानाही दबतो, आणि खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे अनेक कुटुंबांना माहीत आहे. पेटीऐवजी कमरेच्या उंचीचे उथळ कपाट सोयीचे.

विचारून घ्यावे, सांगून ठेवावे

शुश्रूषा करणाऱ्यांना माझे सांगणे थोडेच आहे. घर बदलताना, रंगकाम काढताना, आजारपणानंतर खोली आवरताना ज्येष्ठांच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी एकदा विचारा. "हे टाकू का?" याऐवजी "यातलं काय ठेवू?" असे विचारले तर उत्तर देणे सोपे जाते. सारे ठेवणे शक्य नसते. दहा निवडू द्या. निवडण्याचा अधिकार हातात राहिला, की नव्वद जाण्याचे दुःख सोसते. कोणी विकत घेण्यास आला, तर एकट्या वृद्धाशी व्यवहार होऊ देऊ नका; घाई करू नका.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही आपल्या पेटीविषयी बोलून ठेवा. काय आहे, कुठून आले, का जपले आणि पुढे कोणाला द्यायचे, हे एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मुले निष्ठुर नसतात. बहुधा त्यांना माहीत नसते. अण्णांच्या मुलाने मला सांगितले, "मला वाटायचं, बाबांना टाकवत नाही म्हणून पडलंय."

मीही एक सवय लावून घेतली आहे. साठीपुढच्या नव्या रुग्णाचा कागद भरताना रक्तदाब, साखर, औषधे यांच्याखाली एक ओळ लिहितो: काय जपले आहे. उत्तरे नाना येतात. जुनी तिकिटे, भजनाच्या वह्या, बियाण्यांच्या पुरचुंड्या, एका आजींकडे रांगोळीचे कागद. ती ओळ तेव्हा लिहिली असती, तर अण्णांच्या चिठ्ठीवर औषध लिहायला माझा हात गेला नसता.

अण्णांचा आजार पुढे सरकत आहे. आता ते अंक वाचत नाहीत. मुखपृष्ठावरून बोट फिरवतात. संध्याकाळच्या आधी नातू शेजारी बसतो आणि एक अंक काढून देतो. हरवलेल्या जुडग्यातला पहिला अंक ते अजूनही आठवड्यातून एकदा तरी मागतात. "शोधतेय, अण्णा," असे सूनबाई सांगतात. ती समजूत घालणे नाही. भिवंडीला जाताना वाटेत रद्दीचे दुकान दिसले की त्या खरोखरच उतरतात आणि गठ्ठ्यांच्या कडेने पाहत जातात. परवा त्यांनी मला सांगितले, "लांबूनच कळतं आता मला. निळा कोणता, ते."